कारणे विचारू नयेत

इंटर्नशिपच्या अर्जाला एका लॉ फर्मचा नकार मला रात्री दोन वाजून सतरा मिनिटांनी आला, त्यामुळे तो कोणा माणसाने लिहिलेला नसावा एवढे तरी उघड होते. त्यात चार वाक्ये होती. पहिल्यात आभार होते, दुसऱ्यात खेद होता, तिसऱ्यात अर्जांची संख्या मोठी असल्यामुळे वैयक्तिक अभिप्राय देता येणार नाही असे कळवले होते आणि चौथ्यात पुढील वाटचालीसाठी शुभेच्छा होत्या. हा मेल आपोआप पाठवला गेला असून त्याला उत्तर देऊ नये, अशी ओळ तळाशी बारीक अक्षरांत होती. मी कायद्याची विद्यार्थिनी आहे, नकार पचवायला शिकले आहे आणि माझ्यापेक्षा सरस उमेदवार निवडले गेले असतील तर त्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही. माझा संताप आहे तो ज्या ऑनलाइन चाचणीच्या चाळणीने मला गाळले त्या चाळणीवर, ती लावण्याच्या जागेवर आणि तिने पाळलेल्या मौनावर.

इंटर्नशिपचा अर्ज भरणे हा काय प्रकार असतो, हे ज्याने भरला नाही त्याला सांगून पटणार नाही. सीव्ही अपलोड केल्यानंतर त्याच सीव्हीतली सगळी माहिती पुन्हा वेगवेगळ्या चौकटींत टाइप करावी लागते. प्रत्येक विषयाचे गुण, प्रत्येक मूट कोर्ट (म्हणजे विद्यार्थ्यांचा सरावाचा खटला), सुट्टीत केलेले प्रत्येक बारीकसारीक काम, आणि तेही तारखेनिशी. (मग तो सीव्ही कशाला मागितला होता, हे कोडे मला अजून सुटलेले नाही.) त्यानंतर निबंध येतात. आमचीच फर्म का, हे २५० शब्दांत सांगावे लागते; आमच्या अलीकडच्या कामांपैकी कोणते तुम्हाला महत्त्वाचे वाटले याला ३०० शब्द मिळतात आणि गटात काम करताना झालेला मतभेद कसा हाताळला याला २००. मी त्या फर्मने पार पाडलेल्या एका कंपनी-खरेदीच्या व्यवहाराची माहिती दोन संध्याकाळ बसून वाचली, त्यातल्या मंजुऱ्यांना इतका वेळ का लागला हे समजून घेतले आणि रविवारी दुपारी २५३ शब्दांतले नेमके कोणते तीन शब्द काढावेत यावर वीस मिनिटे घालवली. अर्ज पाठवल्यावर चार मिनिटांत चाचणीची लिंक आली. माझे साडेसातशे शब्द चार मिनिटांत कोणी वाचले असणे शक्यच नव्हते. वरच्या वर्गातल्या एका ताईला मी हे सांगितले तेव्हा ती हसली आणि म्हणाली, "अगं, चाचणीत निघालीस तरच ते निबंध उघडतात. नाहीतर ते कोणी बघतसुद्धा नाही."

चाळण आधी लावायची असेल तर ती खरोखरच आधी लावावी, एवढी साधी गोष्ट ज्यांना सुचत नाही ते माझ्या प्रसंगावधानाची परीक्षा घेणार आहेत. चाचणी पहिल्या पानावर ठेवा, अर्ध्या तासात मला बाद करा, मी माझा रविवार वाचवून दुसरीकडे लावीन. पण तसे करायचे तर उमेदवाराच्या वेळेला काहीतरी किंमत आहे हे मान्य करावे लागेल.

आता प्रत्यक्ष चाचणीकडे येते. तिचे पूर्ण नाव सिच्युएशनल जजमेंट टेस्ट, सगळे तिला एसजेटी म्हणतात. कामाच्या ठिकाणचा एखादा प्रसंग देतात, त्याखाली चार किंवा पाच पर्याय असतात आणि त्यांतला सर्वांत परिणामकारक व सर्वांत कमी परिणामकारक निवडायचा असतो, किंवा सगळ्यांचा क्रम लावायचा असतो. मला आलेला एक प्रश्न मी आठवणीतून, तपशील थोडे बदलून सांगते. तुम्ही इंटर्न आहात. संध्याकाळचे सहा वाजले आहेत. एका असोसिएटने, म्हणजे फर्ममध्ये नोकरीला असलेल्या वकिलाने, उद्या सकाळी नऊपर्यंत संशोधनाची टिपणी मागितली आहे आणि ती निम्मीच झाली आहे. तेवढ्यात एक पार्टनर, म्हणजे फर्मच्या भागीदारांपैकी एक, येऊन रात्री आठपर्यंत एक करारनामा तपासून द्यायला सांगतात. असोसिएट मीटिंगमध्ये आहेत आणि फोन उचलत नाहीत. पहिला पर्याय असा की दोन्ही कामे स्वीकारून रात्री जागून पूर्ण करावीत. दुसरा, पार्टनरना हातातल्या कामाची कल्पना देऊन आधी कोणते करू असे विचारावे. तिसरा, असोसिएटला मेल टाकून पार्टनरचे काम सुरू करावे. चौथा, शेजारच्या इंटर्नला टिपणीचा उरलेला भाग करायला सांगावे.

वाचताना सोपे वाटते ना? पण मी तिथेच अडकले, आणि कायदा शिकल्यामुळेच अडकले. करारनामा किती पानांचा आहे? आठ पानांचा असेल तर प्रश्नच मिटला आणि ऐंशी पानांचा असेल तर आठ वाजेपर्यंत तो नीट तपासणे कोणाच्या बापाला शक्य नाही. टिपणी कशासाठी हवी आहे, उद्या दहा वाजता न्यायालयात उभे राहायचे आहे म्हणून की फाइलला लावायची आहे म्हणून? शेजारचा इंटर्न त्याच प्रकरणावर आहे का? नसेल तर त्याला अशिलाची कागदपत्रे दाखवायची मुभा आहे का? या एकेका उत्तराने योग्य पर्याय बदलतो. पहिल्या दिवसापासून आमच्या डोक्यात हेच भरवले जाते की आधी तथ्ये गोळा करा, गृहीतके धरू नका, आणि "हे परिस्थितीवर अवलंबून आहे" असे म्हणायला लाजू नका, फक्त कशावर अवलंबून आहे ते सांगा. चाचणीत मात्र प्रश्न विचारायला जागा नसते आणि कारण लिहायलाही जागा नसते. तिथे असतात चार गोल आणि कोपऱ्यात उलटे धावणारे घड्याळ. वकिलाच्या कामातला सगळा ऐवज बाजूला काढून जे उरते त्याला निर्णयक्षमता म्हणायचे, असा हा व्यवहार आहे.

दुसऱ्या एका प्रश्नाने तर मला अक्षरशः हसू आले. लिफ्टमध्ये तुमच्याबरोबरची इंटर्न बाहेरच्या माणसांसमोर एका अशिलाचे नाव घेऊन बोलत आहे. गोपनीयतेच्या बाबतीत आमची शिकवण स्वच्छ आहे, त्यामुळे तिला तिथेच थांबवणे आणि नंतर सुपरवायझरच्या कानावर घालणे हे पहिले, यात शंका नव्हती. पण उरलेल्या पर्यायांचा क्रम कसा लावायचा? काहीच न बोलणे, संध्याकाळी तिला चेष्टेच्या सुरात सुनावणे, किंवा तिला काही न सांगता थेट पार्टनरना मेल करणे, या तिन्ही गोष्टी चुकीच्या आहेत. त्यांतली कोणती कमी चुकीची हे ठरवण्यावर माझे गुण अवलंबून होते. इकडे आड, तिकडे विहीर एवढेच असते तर निभावले असते. इथे आड, विहीर आणि डबके यांचा खोलीनुसार क्रम लावायचा होता, आणि तोही पाण्यात न डोकावता.

या उत्तरांची किल्ली साधारणपणे त्या क्षेत्रातल्या अनुभवी लोकांना विचारून, त्यांच्या एकमताच्या आधारे तयार होते. म्हणजे कोणा अनुभवी माणसांना जे बरोबर वाटले ते बरोबर, आणि त्यांना ते का वाटले हे गुलदस्त्यात. शिवाय प्रश्नातल्या एका शब्दाने सगळा खेळ फिरतो. काही चाचण्या "तुम्ही काय कराल" असे विचारतात आणि काही "काय करायला हवे" असे. दुसऱ्या प्रकारात ज्ञान तपासले जाते, ते मला मान्य आहे. पहिल्या प्रकारात मात्र प्रामाणिक उत्तर देणारा मूर्ख ठरतो. खरे सांगायचे तर मी पहिल्याच आठवड्यात पार्टनरना "हातात दुसरे काम आहे" असे सांगू शकणार नाही. मी मान डोलावीन, कॉफी घेईन आणि रात्रभर जागेन, आणि माझ्या ओळखीतल्या प्रत्येक इंटर्नने हेच केलेले आहे. पण तो गोल निवडला की गुण जातात. सचोटी हे आमचे पहिले मूल्य आहे असे चाचणीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत लिहायचे आणि पुढच्या पानापासून उमेदवाराकडून स्वतःविषयी खोटे वदवून घ्यायचे, याला काय म्हणावे?

हा प्रकार नवा आहे असेही नाही. सामाजिक प्रसंगांतली समज पर्यायांमधून मोजण्याचा प्रयत्न १९२६ च्या जॉर्ज वॉशिंग्टन सोशल इंटेलिजन्स टेस्टमध्येही होता, आणि १९९० मध्ये मोटोविड्लो, डनेट आणि कार्टर या संशोधकांनी नोकरभरतीसाठीच्या अशा चाचणीला जे नाव दिले त्याचा अर्थच "कमी हुबेहूब अनुकरण" असा होतो. निदान ते लोक प्रामाणिक होते. पण मला सर्वांत जास्त झोंबले ते २०१५ साली प्रसिद्ध झालेले स्टेफान क्रुम आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे संशोधन. त्यांनी काही जणांना प्रसंगाचे वर्णन दाखवलेच नाही, नुसते पर्याय दाखवले, आणि तरीही प्रश्नांच्या मोठ्या हिश्श्यात बरोबर उत्तरांच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. हे वाचून मी दोन मिनिटे स्वस्थ बसले. मी करारनाम्याची पाने मोजत होते, असोसिएटची मीटिंग कधी संपेल याचा अंदाज बांधत होते, आणि इथे प्रसंग न वाचताही काम भागत होते.

ते कसे भागते हे कँटीनमध्ये कोणीही सांगेल. एकट्याने ओझे उचलू नका, चूक लपवू नका, आधी बोला आणि मग वर कळवा, दुसऱ्याच्या डोक्यावर काम ढकलू नका, आणि ज्या पर्यायात "लगेच" किंवा "काहीही न सांगता" असे शब्द असतील तो तळाला टाका. एवढे पाठ केले की पाऊण चाचणी निघते, असे सांगणारे महाभाग आमच्यात आहेत आणि ते निघालेही आहेत. त्यांचे मला कौतुकच आहे. फक्त याला निर्णयक्षमता म्हणू नका, हे पाठांतर आहे.

तुलनेसाठी वॉटसन-ग्लेसर घ्या. लॉ फर्म ज्या चाचण्या वापरतात त्यांतली ती जुनी आणि छळवादी चाचणी आहे, तिच्या रूढ स्वरूपात ४० प्रश्न आणि ३० मिनिटे असतात, आणि तिच्या नावाने मी बोटे मोडली आहेत. पण तिथे उताऱ्यावरून निष्कर्ष निघतो की नाही याचे उत्तर उताऱ्यातच असते. मी चुकले तर कुठे चुकले हे मला कोणी दाखवून देऊ शकते आणि मला ते मान्य करावे लागते. तिथे हरल्याचे वाईट वाटते, फसवले गेल्यासारखे वाटत नाही.

एका दुसऱ्या फर्मने नकाराबरोबर दोन पानांचा "वैयक्तिक अहवाल" पाठवला होता, तेव्हा मला क्षणभर आनंद झाला. त्यात लिहिले होते की तुम्हाला कामात सुस्पष्टता आवडते, मात्र अनिश्चित परिस्थितीत इतरांचे सहकार्य घेण्याचा अधिक विचार तुम्ही करू शकता. रविवारच्या पुरवणीतल्या राशिभविष्यात यापेक्षा जास्त ठोस माहिती असते. तिथे निदान शुभ रंग तरी सांगतात. कोणता प्रश्न चुकला, कोणत्या पर्यायाला किती गुण होते, उत्तीर्ण व्हायला किती लागत होते, यातले एक अक्षर त्या दोन पानांत नव्हते.

आणि मला खरी आग लागते ती इथे. नैसर्गिक न्यायाची तत्त्वे शिकवताना आम्हाला सांगतात की ज्याच्याविरुद्ध निर्णय जातो त्याचे म्हणणे ऐकले गेले पाहिजे आणि निर्णयाला कारणे असली पाहिजेत. खासगी फर्मने इंटर्न निवडताना ही तत्त्वे पाळलीच पाहिजेत असे मी म्हणत नाही. तेवढा कायदा मला कळतो. पण ही माणसे दिवसभर हेच तर विकतात. आदेशाला कारणे नाहीत म्हणून तो रद्द करा, असा युक्तिवाद हे लोक अशिलाच्या वतीने घसा कोरडा करून करतात, आणि त्यांच्याच दारात उभ्या असलेल्या मुलीला रात्री सव्वादोनला उत्तर देऊ नये अशा पत्त्यावरून विनाकारण हाकलतात.

अर्ज शेकड्यांनी येतात आणि जागा मोजक्या असतात, हे मला माहीत आहे. पूर्वीसारखे कोणाच्या तरी ओळखीने आत शिरण्यापेक्षा चाचणी बरी, हेही मी मान्य करते, कारण माझी कोणाशी ओळख नाही आणि जुन्या पद्धतीत माझा अर्ज पाकिटातून बाहेरही आला नसता. म्हणूनच तर चाचणी धड असावी असे वाटते. ब्रिटनमध्ये वैद्यकीय पदवीनंतरच्या पहिल्या नेमणुकांसाठी २०१३ पासून अशीच चाचणी वापरली जात होती. २०२४ च्या नेमणुकांपासून ती काढून टाकली आणि उमेदवारांची पसंती व संगणकाने यादृच्छिकपणे दिलेला क्रमांक यांवर वाटप सुरू केले. तिथल्या विद्यार्थ्यांनी त्यावरही आरडाओरडा केला, आणि त्यांचे चुकले असेही मी म्हणणार नाही. पण चिठ्ठी टाकून बाद झालेल्या माणसाला निदान एवढे तरी ठाऊक असते की आपण चिठ्ठीने बाद झालो.

काल तिसऱ्या फर्मची लिंक आली आणि आज संध्याकाळी मी ती चाचणी दिली. सातव्या प्रश्नात तुमचे काम वरिष्ठांनी काहीही कारण न देता नाकारले आहे असा प्रसंग होता, आणि नेमके कुठे कमी पडलो हे त्यांना विचारून अभिप्राय मागावा, असा एक पर्याय होता. मी तोच सर्वांत परिणामकारक म्हणून निवडला आणि पुढच्या प्रश्नावर गेले.