दाजी, तुम्ही कोपऱ्यात थांबा

एलियनने मला मारलं तर माझी काही तक्रार नाही, तो त्याचं काम करतोय. पण मारायच्या आधी निदान तोंड तरी दाखव ना बाबा! हेलो २ हा व्हिडिओ गेम लेजंडरीवर, म्हणजे सगळ्यात अवघड पातळीवर, लावून आउटस्कर्ट्स या लेव्हलपर्यंत पोचलेल्या कुणालाही विचारा, गल्लीत पाय टाकला, जांभळी रेघ चमकली, खेळ खल्लास. कुठल्या गच्चीवरून, कुठल्या खिडकीतून, काही पत्ता नाही. हा मारणारा एलियन, जॅकल, म्हणजे एरवी ढालीमागे लपणारा चोचवाला किरकोळ गडी, पण हातात बीम रायफल आली की एका गोळीत मास्टर चीफ, म्हणजे गेमचा हीरो, म्हणजे आपण, आडवा. गेम २००४ चा आहे आणि लोक अजून त्याच्या नावानं बोटं मोडतात.

एकटा खेळत असतो तर एक वेळ चाललं असतं, पण सोबत मेहुणा. लेजंडरीवर को-ऑपला, म्हणजे दोघांनी मिळून खेळताना, नियम असा की दोघांतला एक मेला की दोघंही मागच्या चेकपॉइंटला. आणि मरतो बहुतेक मीच. आधी "असू दे दाजी, होतं असं", मग नुसतंच "दाजी...", आणि शेवटी "दाजी, तुम्ही त्या कोपऱ्यात थांबा, मी पुढचं क्लिअर करून येतो." जावयाचा मान म्हणतात तो हाच! आतून बायको विचारते, "आता कोण मेलं?" त्यावर हा, अजिबात वेळ न घालवता, "दाजी!"

बरं ते जॅकल बसतात पण बहुतेक ठरलेल्या जागीच, म्हणजे मग नेमबाजी राहते बाजूला आणि सुरू होते घोकंपट्टी, डावी खिडकी, उजवी गच्ची, परत डावी, दहावीला इतिहासाच्या सनावळ्या केल्या तशी.

त्यापेक्षा २००१ च्या पहिल्या हेलोतला एलिट नावाचा एलियन बघा. शील्ड गेली की आडोशाला पळतो, ग्रेनेड टाकला की उडी मारून बाजूला होतो, आणि तो पडला की त्याच्या हाताखालचे बुटके ग्रंट, पाठीवर टाकी, हात वर, किंचाळत सैरावैरा. ते बघायला मिळावं म्हणून मी कितीही वेळा मरायला तयार आहे. तो पण सोडत नाहीच हं, पण आपण का मेलो ते कळतं तरी.

हे दोन्ही गेम बनवणाऱ्या बंजीवाल्यांनी २००२ च्या गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्समध्ये एक भारी गोष्ट सांगितली होती. टेस्टिंगला एलियन्सचं डोकं तेच ठेवून त्यांना नुसतं चिवट केलं, तर खेळणाऱ्यांना ते जास्त हुशार वाटायला लागले. बरोबरच आहे, पहिल्या फटक्यात मेला तर बिचारा हुशारी दाखवणार कधी? पण मग हाच न्याय मला का नको, मीच पहिल्या फटक्यात मेलो तर माझी हुशारी मेहुण्याला दिसणार कधी?

शेवटी हळूच म्हटलं, नॉर्मलवर खेळू या का रे. त्यानं कंट्रोलर खाली ठेवला आणि आत बघून ओरडला, "ताई, चहा टाक गं, दाजी दमलेत."