आधी मोठ्यांची परीक्षा घ्या

नगरच्या आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय) सध्या एकच विषय चघळला जातोय: दृढीकरण (स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करण्याचा विधी) न झालेल्या मुलांना प्रभुभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि प्याला, द्यावं का? एका तरुण जोडप्याने विचारलं आणि मंडळीचा कारभार बघणाऱ्या पास्टोरेट कमिटीत खडाजंगी झाली. मी मिशिगनला राहतो, म्हणून भावाने फोनवर टोमणा मारलाच, "तुमच्याकडे तर पोरं भाकर बिस्किटासारखी उचलतात म्हणे."

उचलतात, खरं आहे. ग्रँड रॅपिड्सला आम्ही ज्या ख्रिश्चन रिफॉर्म्ड चर्चमध्ये जातो, त्यांच्या सिनॉडने (सर्वोच्च सभेने) २०११ साली बाप्तिस्मा झालेल्या मुलांना, वयाला आणि समजेला झेपेल त्या विश्वासाने, मेजाशी येऊ दिलं. ट्रे फिरतो तेव्हा माझी लेक अंगठ्याएवढा प्लास्टिकचा पेला दोन्ही हातांनी धरते, सांडू नये म्हणून जीभ दाताखाली दाबून. मागच्या बाकावरचे आजोबा मात्र ट्रेमधला पेला उचलून होईपर्यंत शेजाऱ्याशी फुटबॉलवर बोलत असतात.

सगळे रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्व्हिनच्या परंपरेतले चर्च, इतके मोकळे नाहीत. याच देशातल्या प्रेस्बिटेरियन चर्च इन अमेरिकाने १९८८ साली मुलांना नाही म्हटलं. सोळाव्या शतकातला धर्मसुधारक कॅल्व्हिन, त्याने तर आपल्या ग्रंथाच्या ज्या प्रकरणात तान्ह्या बाळांच्या बाप्तिस्म्याची बाजू लढवली, त्याच प्रकरणात त्यांना प्रभुभोजन नाकारलं. प्राचीन काळच्या मंडळीत ते दिलं जायचं हे कबूल करूनही. मुख्य आधार, पौलाचं करिंथच्या मंडळीला पहिलं पत्र, अकरावा अध्याय: आत्मपरीक्षा करून मग खावं.

नगरलाही हेच वचन पुढे केलं जातं. पण तो अध्याय वरपासून वाचला, तर पौल रागावलाय कुणावर? ज्यांच्या घरी भरपूर आहे, जे आधी जेवून घेतात आणि गरिबाला उपाशी ठेवतात, त्यांच्यावर. त्या सगळ्या फटकाऱ्यात लेकरं कुठे आहेत? उलट वल्हांडणाच्या (यहुद्यांच्या सुटकेच्या सणाच्या) जेवणात मुलं विचारतील, त्यांना सांगा, असं बायबलच्या निर्गम पुस्तकात आहे. म्हणजे मुलं तिथेच बसलेली असणार.

आमच्या आज्या-पणज्यांना महारवाड्यातून आणि मांगवाड्यातून उठून एका भाकरीशी बसायला किती काळ लागला, हे नगरकरांना मी काय सांगायचं. तिथे त्याच अध्यायातलं 'शरीर ओळखणं' म्हणजे शेजारी बसलेल्याला ओळखणं होतं.

इकडच्या मोकळेपणाला मी डोळे झाकून टाळ्या देत नाही. इथे दृढीकरणाआधीचा शिकवणीचा वर्ग पातळ झालाय. विश्वासाची प्रश्नोत्तरी पाठ करताना आमची जी दमछाक व्हायची, ती माझ्या मुलीच्या वाट्याला येणार नाही आणि त्याचं मला वाईट वाटतं. मुलांना भाकर द्या आणि वर्गही ठेवा, असं मी भावाला म्हणालो. त्याला ते पटलं नाही. आमची मंडळी ज्यात मोडते त्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियात १९७० पासून बाळाचा आणि प्रौढाचा, दोन्ही बाप्तिस्मे नांदतात; तिथे मुलांना प्रभुभोजन देण्याचा ठराव इतक्या लवकर पुढे सरकेल असं मलाही वाटत नाही.

सरकू नये, हरकत नाही. पण मंडळीच्या जागेवरून कोर्टात एकमेकांसमोर उभी असलेली दोन घराणी दर महिन्याला पहिल्या बाकावरून भाकर घेतात. कमिटीने आधी त्यांना विचारावं.