‘रन’चे ६४५ अर्थ आणि आमची ‘गरीब’ मराठी

घरच्या ग्रुपवर वहिनींनी मेसेज टाकला: इंग्रजीत ‘रन’ या एका शब्दाला ६४५ अर्थ, मराठीत एका शब्दाला एकच, म्हणून इंग्रजी श्रीमंत, मराठी गरीब. रोज १० अर्थ पाठ करा, ६५ दिवसांत इंग्रजी येईल. मी गप्प बसले असते. पण संध्याकाळी सात वर्षांची भाची वही घेऊन आली नि म्हणाली, “आत्ती, नाक पळूलालंय म्हणजे काय गं?” वहीत ‘रन’ची यादी होती, ‘नोज इज रनिंग’चं शब्दशः ‘नाक पळतंय’ झालेलं, आज पाचवा दिवस.

आकडा खोटा नाही, एवढं मान्य. ऑक्सफर्ड कोशाच्या पीटर गिलिव्हर यांनी जवळपास नऊ महिने खपून ‘रन’चे ६४५ अर्थ वेगळे केले, ही बातमी २०११ची. पण ते फक्त क्रियापदाचे. मेसेजमधलं पहिलंच उदाहरण क्रिकेटच्या धावेचं, म्हणजे नाम. ते त्या ६४५ मध्ये बसतच नाही! शिवाय १९८९च्या आवृत्तीत पहिला नंबर ‘सेट’चा होता, सव्वाचारशेच्या वर अर्थांचा. मग मधल्या बावीस वर्षांत इंग्रजी दीडपट श्रीमंत झाली? कोशकारानं कात्री जास्त बारीक चालवली, की अर्थ वाढतात.

आता मराठीत एका शब्दाला एकच अर्थ, हे कुणी ठरवलं? वहिनी, तुम्ही खानापूरच्या गाडीत बसता तेव्हा आधी स्टँडवर बस लागते, मग वाटेत तुम्हाला बस लागते. शब्द तेच, पहिल्या वेळी चढायचं, दुसऱ्या वेळी पिशवी शोधायची. भूक लागते, आग लागते, झोप लागते, नोकरी लागते, नजर लागते. दार लागतं, दिवा लागतो, ठेच लागते, निकाल लागतो. फणस झाडाला लागतो, पैसे लग्नाला लागतात, आणि मी तुमची नणंद लागते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश काढून ‘लागणें’ बघा, १८५७च्या आवृत्तीतला. आणि आपण बेळगावकर ‘जाऊलालोय’, ‘खाऊलालोय’ म्हणतो, त्यात मला तरी ‘जाऊ लागलोय’च ऐकू येतं. म्हणजे वाक्यागणिक आपण तो शब्द वापरतोय.

शेजारच्या कन्नडलाही हे नवं नाही. ‘हत्तु’ म्हणजे दहा, ‘हत्तु’ म्हणजे चढणं, आणि आग लागली तरी ‘बेंकी हत्तितु’च. रोजच्या वापरातली छोटी क्रियापदं सगळीकडे अशीच हजार कामांना जुंपलेली असतात. ‘ऑक्सिजन’ला एकच अर्थ आहे, म्हणून तो गरीब शब्द का?

पाठांतराबद्दल काय बोलायचं? इंग्रज पोरगंही यादी पाठ करून ‘रन’ शिकत नाही. नळ, नाक, दुकान, निवडणूक, प्रत्येक ठिकाणी तो शब्द ऐकत ऐकत शिकतं. यादीतून शिकलेल्या पोरीचं नाक पळतं, वाहत नाही.

बेळगाव कर्नाटकात घातल्याच्या निषेधाला १ नोव्हेंबरला काळ्या पट्ट्या बांधून फेरीत जाणारं आमचं घर, आणि तिथंच ‘मराठी गरीब’ म्हणणाऱ्या मेसेजवर अंगठे उमटतात, तेरा अंगठे. त्यात एक दादाचा.

वही मी ठेवून घेतलीय. वहिनींना लागलं असेल तर लागू दे. कुठल्या अर्थानं, ते त्यांनीच ठरवावं.