‘अभ्यास वाढवा, बाळ’ या प्रतिक्रियेला उत्तर

क्रोन्स म्हणजे आतड्याला वर्षानुवर्षं सूज आणणारा आजार; त्यात गुदद्वाराजवळ पू वाहणारी जी वाट पडते, त्या भगंदरावर मी लिहिलेल्या लेखाखाली साताऱ्याच्या एका ज्येष्ठ सर्जननी लिहिलंय: "प्रकार पाडत बसणं हे पुस्तकी पंडितांचं काम. भगंदर एकदा उघडलं की पेशंट मोकळा. चाळीस वर्षं हेच करतोय." पुढे एमआरआयचा खर्च, क्षारसूत्राचा (आयुर्वेदातल्या औषधी दोऱ्याचा) उल्लेख नाही ही तक्रार, आणि शेवटी ‘अभ्यास वाढवा, बाळ’.

सर, ‘बाळ’ राहू द्या. माझेही केस पांढरे झालेत. मिरजेच्या सरकारी मेडिकल कॉलेजात असताना रात्री-अपरात्री मीही ठणकणारी गळवं फोडलीत. मुद्दा खोडायचा तर खोडा, वय कशाला काढता?

आता ‘एकदा उघडलं की मोकळा’. क्रोन्स नसलेल्या, वरवरच्या भगंदरात ते चालतं, त्यात वादच नाही. क्रोन्समध्ये गुदाशयच सुजलेला असतो, जुलाब चालू असतात, जखम भरत नाही. त्यात गुदद्वार आवळणारा स्नायू कापला की शौचावरचा ताबा जातो. तासगावचे एक बागायतदार माझ्याकडे आले ते दुसरीकडे असंच ‘मोकळे’ होऊन. बेदाण्याच्या सौद्याला जायचं तर पिशवीत जादा पायजमा. त्यांना सांगा, सर, प्रकार पाडणं पुस्तकी असतं म्हणून.

ब्रिटिश सर्जन पार्क्सनी 1976 मध्ये भगंदराचे चार प्रकार केले ते वाट स्नायूतून कुठून जाते यावरून. क्रोन्समध्ये तेवढ्याने भागत नाही, एवढं तुमच्या बाजूने मान्य. म्हणूनच 2022 मध्ये नवं वर्गीकरण आलं. त्यात पहिला प्रश्न पेशंटला काय हवंय हा: वाट बंद करायची, की त्रास आटोक्यात ठेवायचा? आजार हलला की पेशंटचा गटही बदलतो. याला पंडिती म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

हे ठरेपर्यंत सैल सेटॉन. म्हणजे भगंदराच्या वाटेत ओवलेला मऊ दोरा, आंघोळीच्या वेळी बोटाने फिरवता येईल इतका ढिला. कापत काहीच नाही, पू तेवढा साचू देत नाही. पू निघून गेल्यावर इन्फ्लिक्सिमॅब, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून सूज उतरवणारं औषध, आणि त्याआधी टीबीची तपासणी. आपल्याकडे आतड्याचा टीबी आणि क्रोन्स एकमेकांच्या वेषात फिरतात, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एमआरआय महाग आहे, खरं आहे. भूल देऊन नीट तपासणी करा, पण आंधळेपणाने सुरी नको. क्षारसूत्राचं म्हणाल तर तो दोरा हळूहळू कापतच जातो, तेव्हा वरचंच उत्तर तिथेही लागू.

पुढची प्रतिक्रिया जरूर लिहा. फक्त चाळीस वर्षांतल्या त्या ‘मोकळ्या’ पेशंटांपैकी क्रोन्सचे किती होते, ते आधी सांगा.