कॉलेज 'इंडस्ट्री-रेडी' करण्याचे खात्रीशीर उपाय

तुमच्या मालकीचं इंजिनिअरिंग कॉलेज असेल, तुम्ही तिथे एचओडी, म्हणजे विभागप्रमुख असाल किंवा गेला बाजार टीपीओ, म्हणजे नोकऱ्या-इंटर्नशिप बघणारे अधिकारी असाल, तर प्रवेशाचे कॅप राउंड सुरू व्हायच्या आत हे वाचून घ्या. 1983 साली वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली, म्हणून आपली पोरं डोनेशन भरायला कर्नाटकात जायची थांबली. आता त्यांना इथेच उद्योगासाठी तयार करायचंय. सोपं आहे.

सुरुवात एमओयूपासून, म्हणजे कंपनीशी सामंजस्य करारापासून करा. कुणाशीही करा, भोसरी-चाकणला कंपन्यांचा तोटा नाही. मागे फ्लेक्स, हातात बुके, फाइलवर सह्या. फोटो ब्रोशरमध्ये छापला की एमओयूचं काम संपलं.

वर्कशॉपला कुलूप लावा. लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, फार नाजूक असतो, मुलांचा हात लागला की बिघडतो. 20 जणांच्या बॅचने अर्धवर्तुळात उभं राहावं, असिस्टंटने एक कट मारून दाखवावा आणि मागच्या रांगेने मोबाइल बघावा. मुलांनी बनवायचा जॉब (धातूचा नमुना) मागच्या वर्षीचाच चालतो, फक्त घासून नवा रोल नंबर पंच करायचा. यंत्र तेल लावून ठेवलं की तपासणीची कमिटी येते त्या दिवशी छान चमकतं.

जर्नल मात्र हातानेच लिहून घ्या. रीडिंग सीनियरच्या जर्नलमधून घ्यावीत, म्हणजे टेस्टिंग मशीन बंद असलं तरी ग्राफ सरळ येतो. ड्रॉइंगच्या शीटला जीटी मारली, म्हणजे काचेवर ठेवून दुसऱ्याची उतरवली, तरी चालेल, रेषा सुबक हवी.

सीओ-पीओ मॅपिंग, म्हणजे कोणत्या विषयातून पदवीची कोणती उद्दिष्टं किती साधली याचा तक्ता, विसरू नका. एक्सेलच्या चौकटीत 1, 2, 3 भरत जा. रकाना रिकामा दिसता कामा नये.

आता इंटर्नशिप. तंत्रशिक्षणाची केंद्रीय परिषद असलेल्या एआयसीटीईच्या 2018 च्या मॉडेल अभ्यासक्रमापासून ती सक्तीची झाली. हेतू असा की पोरांनी कारखान्यात जाऊन घाम गाळावा. पण एवढा घाम गाळायची काय गरज? माझा एमआयडीसीत छोटा कारखाना आहे. परवा एका टीपीओचा मला फोन आला. "सर, 32 मुलांची यादी पाठवतो. लेटरहेडवर 'सॅटिसफॅक्टरी' लिहून शिक्का मारून द्या. मुलं येणार नाहीत, तुम्हाला काहीच त्रास नाही." हे 'त्रास नाही' फार आवडलं मला. यादीसोबत मजकूर तयार, हजेरीपत्रकही तयार. त्यात दर गुरुवारी सगळे हजर! अहो, गुरुवारी आमच्या एमआयडीसीला सुट्टी असते, एवढं तरी कुणाला विचारायचं. माझ्या गाळ्यात दोन व्हीएमसी (संगणकावर चालणारी मिलिंग मशीन), एक जुना लेथ आणि पाच माणसं. 32 जण खरोखर आले असते तर चहावाल्याला आत शिरता आलं नसतं. मी नाही म्हटल्यावर त्यांना माझंच आश्चर्य वाटलं. म्हणे, "सगळे देतात हो सर."

देतातच. त्याच आठवड्यात एक मुलगा इंटरव्ह्यूला आला होता. फर्स्ट क्लास विथ डिस्टिंक्शन, बोलायला चांगला, कपडे इस्त्रीचे. फाइलमध्ये इंटर्नशिपचं सर्टिफिकेट होतं, 'क्वालिटी विभाग, कामगिरी उत्तम'. ड्रॉइंग पुढे ठेवलं आणि बोट लावून विचारलं, "हे 25 एच 7 म्हणजे काय?" त्याने बराच वेळ बघितलं आणि म्हणाला, "सर, पार्ट नंबर आहे का?"

पार्ट नंबर! अहो, ते भोक 25 मिमीपेक्षा लहान चालत नाही आणि मोठं चालतं ते फक्त 21 मायक्रॉनपर्यंत, म्हणजे 0.021 मिमी. त्यापुढे गेलं की माल रिजेक्ट आणि नुकसानीची डेबिट नोट माझ्या नावावर. पुस्तकात फिट्स अँड टॉलरन्सेसचा धडा होता का, तर होता. त्यावर प्रश्न सोडवला होता का, तर सोडवला होता, सहा मार्कांचा. मग हातात माप घ्यायचा व्हर्निअर दिला. लीस्ट काउंट, म्हणजे त्यावर वाचता येणारं सर्वांत लहान माप, त्याने घडाघडा सांगितला, 0.02 मिमी. आणि जबडा वाकडा धरून माप घेतलं. मी सरळ धरून दाखवलं तर कानापर्यंत लाल झाला. मला त्याचा राग आला नाही. चार वर्षं फी भरून या पोराच्या हातात कुणी धड व्हर्निअर दिला नव्हता.

आता उपाय-बिपाय बास झाले.

प्राचार्य महोदय, तुम्ही त्या पोराला फसवलंत. त्याच्या बापाने कर्ज काढून तुमची फी भरली आणि तुम्ही त्याला दिलेला शिक्का पहिल्याच प्रश्नाला उघडा पडला. तासाच्या हिशेबावर राबवलेले मास्तर, बिनकामाचं टेस्टिंग मशीन, कुलपातला लेथ, हे सगळं तुम्हाला माहीत आहे. कमिटीलाही माहीत आहे. एक्सेल भरून काय झाकताय?

आणि आमच्यातले जे गाळेवाले ओळखीखातर असे शिक्के मारतात, त्यांनी पुढच्या मीटिंगमध्ये 'स्किल्ड मॅनपॉवर मिळत नाही हो' म्हणून गळा काढू नये. तुम्हीच सह्या केल्यात की ही पोरं तयार आहेत म्हणून. मग घ्या ना कामावर!

टीपीओसाहेब, 32 नकोत, चार मुलं पाठवा, महिनाभर. मी त्यांना कापलेल्या धातूच्या कडेची बर काढायला लावीन, चिप्स उचलायला लावीन, पण मायक्रोमीटरही हातात देईन आणि चुकले तर तो पार्ट त्यांच्यासमोरच स्क्रॅपच्या पेटीत टाकीन. सकाळी आठला गेटवर हवेत, पायात सेफ्टी शूज. शूज कॉलेजने घेऊन द्यायचे. डेव्हलपमेंट फी कशाची घेता?