मॅकेन्झींचे कोर्स तीनच? काकांना आलेल्या मजकुराला उत्तर

रविवारी सकाळी पुण्याहून काकांचा फोन आला. एप्रिलमध्ये ते आमच्याकडे कॅलिफोर्नियात येणार आहेत आणि कुठे कुठे गोल्फ खेळायचं हे आम्ही दोघं गेले दोन महिने ठरवत होतो. काका सैन्यातून निवृत्त झालेले, वय एकाहत्तर. अजून आठवड्यातून तीन दिवस उजाडायच्या आत कोर्सवर हजर असतात. माझ्या हातात पहिली स्टिक त्यांनीच दिली. तेच काका म्हणाले, "अगं, ते पॅसिफिकाचं आणि सॅक्रामेंटोचं राहू दे. तिथे मॅकेन्झींच्या नावाची नुसती पाटी आहे म्हणतात. उगाच तुझी सुट्टी कशाला घालवायची?"

म्हणतात कोण, तर त्यांच्या जुन्या सहकाऱ्यांमध्ये फिरणारा एक लांबलचक मजकूर. हाच मजकूर याआधी मला दोघांनी पाठवला होता आणि मी वाचून सोडून दिला होता. पण एकाहत्तर वर्षांचा, खेळावर जीव असलेला माणूस त्यामुळे स्वतःचा बेत मोडायला निघाला, म्हणून आता सोडवत नाही.

मजकुराचं म्हणणं थोडक्यात असं. डॉ. अ‍ॅलिस्टर मॅकेन्झी यांनी आखलेले खरे गोल्फ कोर्स तीनच: अमेरिकेतले ऑगस्टा नॅशनल आणि सायप्रेस पॉइंट, आणि ऑस्ट्रेलियातला रॉयल मेलबर्न. बाकीच्या ठिकाणी त्यांनी कागदावर रेघा ओढल्या, पैसे घेतले आणि ते पुढच्या गावाला गेले. हे बाकीचे कोर्स आखूड आहेत, आजच्या ड्रायव्हरपुढे, म्हणजे सर्वांत लांब मारायच्या स्टिकपुढे, त्यांचा निभाव लागत नाही. त्यातले सार्वजनिक कोर्स तर इतके बिघडलेत की नाव दाखवून लोकांना फसवलं जातं. नगरपालिकांनी ते बंद करून जमीन दुसऱ्या कामाला लावावी. आणि शेवटी एक शेरा: हा माणूस मुळात डॉक्टर, स्वतः बेताचाच खेळाडू.

शेरा आधी निकालात काढते. हो, ते डॉक्टर होते. १८७० साली यॉर्कशरमध्ये जन्म, केंब्रिजमध्ये शिक्षण, बोअर युद्धात शल्यचिकित्सक. बोअर सैनिक मातीचे उंचवटे आणि झुडपं वापरून कसे दिसेनासे होतात हे त्यांनी तिथे डोळ्यांनी पाहिलं, आणि पहिल्या महायुद्धात ब्रिटिश सैन्यासाठी लपवाछपवीच्या याच विद्येवर काम केलं. त्यांचे बंकर, म्हणजे कोर्सवरचे वाळूचे खड्डे, जमिनीतून आपोआप उगवल्यासारखे वाटतात ते यामुळे. खेळाडू ते बरीच वर्षं सामान्य होते, हेही खरं. पण म्हणूनच सामान्य खेळाडूला काय जाचतं हे त्यांना कळत होतं. त्यावर पुढे येतेच.

आता "रेघा ओढून निघून गेले" हा मुद्दा. सगळ्या मजकुरात मला सर्वांत जास्त चीड याची आली, कारण लिहिणाऱ्याने स्वतःचीच तीन नावंसुद्धा तपासलेली नाहीत.

रॉयल मेलबर्न घ्या. मॅकेन्झी १९२६ च्या अखेरीला ऑस्ट्रेलियात गेले. त्या एकाच फेरीत त्यांनी मेलबर्नबरोबर इतर कितीतरी क्लबांना सल्ला दिला आणि काही आठवड्यांत ते परत निघाले. रॉयल मेलबर्नचा वेस्ट कोर्स खुला झाला १९३१ साली. मधली सगळी वर्षं तो उभा केला अ‍ॅलेक्स रसेल या खेळाडूने आणि मिक मॉरकॉम या ग्रीनकीपरने. मॅकेन्झींनी तो पूर्ण झालेला पाहिलाच नाही.

आणि ऑगस्टा? त्या काळचे नामवंत खेळाडू बॉबी जोन्स यांच्याबरोबर त्यांनी ती जमीन पाहिली १९३१ मध्ये. मंदीचे दिवस होते, ठरलेलं मानधनही पूर्ण हाती आलं नाही. ६ जानेवारी १९३४ ला ते सांताक्रूझमध्ये वारले, आणि आज जिला आपण मास्टर्स म्हणतो ती स्पर्धा पहिल्यांदा झाली त्याच वर्षीच्या मार्चमध्ये. त्यानंतर ऑगस्टात काय काय बदललं ते पाहा. होल म्हणजे पहिल्या फटक्यापासून खड्ड्यापर्यंतचा एक टप्पा; त्यातले आधीचे नऊ नंतर आणि नंतरचे नऊ आधी झाले. १९३७ साली कोर्स आखणारे पेरी मॅक्सवेल यांनी दहाव्या होलचं ग्रीन, म्हणजे खड्ड्याभोवतीची बारीक हिरवळ, हलवलं. सोळावा होल, जो दर एप्रिलमध्ये टीव्हीवर पाहून आपण हळहळतो, तो १९४७ साली रॉबर्ट ट्रेंट जोन्स यांनी नव्याने केला. मॅकेन्झींनी अख्ख्या कोर्सवर २२ बंकर ठेवले होते. आज जवळपास दुप्पट आहेत. "स्वतः उभे राहिले तेवढेच त्यांचे" हा न्याय लावायचा तर यादीतून आधी ऑगस्टा जाईल आणि पाठोपाठ रॉयल मेलबर्न. मग उरला एक सायप्रेस पॉइंट.

कोर्स आखणं म्हणजे फावडं हातात घेणं नव्हे. जमीन वाचायची, होल कुठून कुठे न्यायचे ते ठरवायचं, ग्रीनची जागा आणि चढउतार सांगायचे, आणि ज्याला ते कळलंय अशा माणसाच्या हाती काम सोपवायचं. मॅकेन्झींना अशी माणसं सापडत गेली, हा त्यांचा गुण मानायला हवा. मिशिगनमधला क्रिस्टल डाउन्स असाच मॅक्सवेल यांच्या हातून पुरा झाला. लेक मिशिगनच्या काठावर, आडगावात. कितीतरी दशकं त्याचं नाव कुणाच्या तोंडी नव्हतं. १९८० च्या दशकात टॉम डोक यांच्यासारख्या तरुण अभ्यासकांनी तिथे जाऊन त्यावर लिहायला सुरुवात केली, आणि आज अमेरिकेतल्या पहिल्या वीसेक कोर्समध्ये तो गणला जातो. मधल्या काळात कोर्स बदलला नव्हता, बघणारे आले एवढंच. तेव्हा हा मजकूर फिरला असता तर क्रिस्टल डाउन्सही "बाकीच्यां"मध्ये गेला असता.

एक गोष्ट मात्र मान्य करते, मनाविरुद्ध का होईना. मॅकेन्झींच्या नावाचा धंदा होतो. कुठे त्यांनी दोन-चार ग्रीन सुधारली असतील तर अख्खा कोर्स त्यांच्या नावावर खपवतात, आणि जिथे त्यांनी खरंच सगळं आखलं तिथलंही बरंच पुढच्या समित्यांनी बुजवलं. इंग्लंडमध्ये रॉदरममधल्या सिटवेल पार्कला त्यांनी केलेलं एक ग्रीन इतकं लाटांसारखं होतं की त्याचा फोटो आजही अभ्यासक दाखवतात. प्रत्यक्षात ते ग्रीन आता तसं उरलेलं नाही. म्हणून पाटी पाहून डोळे झाकून जावं असं मी म्हणत नाही. पण काही ठिकाणी बिघाड झाला म्हणून सगळंच फोल, हे कुठलं तर्कशास्त्र?

आखूडपणाबद्दल फार लिहायची गरज नाही. इंग्लंडमध्ये बक्स्टनचा कॅव्हेंडिश हा १९२५ चा कोर्स ५,८०० यार्डांच्या आत संपतो, पार (म्हणजे अपेक्षित फटके) ६८, आणि ज्यांना मॅकेन्झी कळतात ती माणसं तिथे मुद्दाम जातात. मॅकेन्झींचाच सांताक्रूझमधला पासातिएम्पो जेमतेम साडेसहा हजार यार्ड. १९४७ पासून तिथे कॉलेज खेळाडूंची मोठी स्पर्धा होते. हल्लीची विशीतली मुलं किती लांब मारतात ते सर्वांना माहीत आहे, तरी त्या ग्रीनवर त्यांनाही घाम फुटतो. मी स्वतः मागच्या ऑक्टोबरमध्ये सोळाव्या होलवर उभी होते. पहिला फटका टेकडीवरून आंधळा, पलीकडे जमीन घसरत जाते, ग्रीनच्या पुढ्यात खोल घळ, आणि ग्रीन तीन पायऱ्यांचं. झेंडा खालच्या पायरीवर होता आणि माझा चेंडू वरच्या. पुटर चेंडूला नुसता लागला. चेंडू मधल्या पायरीवर क्षणभर रेंगाळला, मग खालच्या पायरीवरून झेंड्याच्या बाजूने निघून गेला आणि घळीच्या दिशेने ग्रीनबाहेर थांबला. माझ्या हातात ड्रायव्हर कितीही नवा असता तरी तिथे काय उपयोग होता? आपल्याला सर्वांत आवडलेला होल म्हणून मॅकेन्झी याच सोळाव्याचं नाव घेत. त्यांनी घरही तिथेच केलं, सहाव्या होलच्या कडेला, आणि अखेरची वर्षं तिथेच काढली. मजकुरात पासातिएम्पोचा उल्लेखसुद्धा नाही. जो कोर्स आखणाऱ्याने स्वतःला राहायला निवडला, तो "बाकीचे" या एका शब्दात गेला.

पासातिएम्पो उभा राहिला मेरियन हॉलिन्स यांच्यामुळे, हेही जाता जाता सांगते. १९२१ च्या अमेरिकन महिला हौशी स्पर्धेच्या त्या विजेत्या. जमीन त्यांनी पाहिली, पैसा त्यांनी जमवला, मॅकेन्झींना त्यांनी बोलावलं. ८ सप्टेंबर १९२९ ला कोर्स खुला झाला तेव्हा पहिल्या दिवशी त्यांच्याबरोबर बॉबी जोन्स खेळले. मजकूर लिहिणाऱ्याला ऑगस्टाचा इतका अभिमान असेल तर जोन्स यांनी मॅकेन्झींचं काम कुठे पाहिलं हे त्याने शोधायला हवं होतं.

आता सार्वजनिक कोर्स. इथे मजकूर नुसता चुकत नाही, नुकसान करतो.

मॅकेन्झींनी १९२० साली 'गोल्फ आर्किटेक्चर' नावाचं लहानसं पुस्तक काढलं. त्यात चांगल्या कोर्सची तेरा तत्त्वं आहेत. माझ्याकडे दुसरा फार मोठा संदर्भ नाही, आणि त्याची गरजही नाही, कारण हा त्यांचा स्वतःचा शब्द आहे. त्यात ते सांगतात की मोठ्या हँडिकॅपच्या, अगदी नवशिक्या खेळाडूलासुद्धा फटक्यांची संख्या फुगत असतानाही फेरीचा आनंद मिळाला पाहिजे. चेंडू शोधत फिरण्याचा वैताग नसावा. ताकदवानाला धाडसाचा फटका मारायची संधी असावी, पण कमी ताकदीच्या खेळाडूला एखादा फटका जास्त घेऊन जाता येईल अशी दुसरी वाट नेहमी मोकळी असावी. काका, हे कुणासाठी लिहिलंय? पावणेदोनशे यार्डांपलीकडे चेंडू न जाणाऱ्या, पण कुठे टाकायचा हे पक्कं ठाऊक असलेल्या माणसासाठी. तुमच्यासाठी.

मजकुरातल्या तीनपैकी ऑगस्टा आणि सायप्रेस पॉइंट इथे सभासदाने नेल्याशिवाय तुम्ही खेळू शकत नाही. म्हणजे ज्या तत्त्वांनी त्यांनी काम केलं ती सामान्य माणसाने अनुभवायची तर ती कुठे? शार्प पार्कला. पॅसिफिका गावात, पण मालकी सॅन फ्रान्सिस्को शहराची. १९३२ साली खुला झालेला, समुद्राला लागून. लगुना सालादा नावाच्या खाजणाभोवती त्यांनी काही होलना दोन-दोन फेअरवे, म्हणजे कापलेल्या गवताच्या वाटा, दिल्या होत्या, धीटाला एक, सावधाला दुसरी. वादळात समुद्र आत आला, १९४१ मध्ये बांध घातला गेला, काही होल गेले आणि रस्त्यापलीकडे नवे करावे लागले. त्यामुळे शार्प पार्क आज जसाच्या तसा नाही, हे खरंच आहे. निचरा वाईट, पावसाळ्यात पाय रुततात, बंकर बरेच गेलेत. पण बहुतेक होल अजून त्यांच्याच जागी आहेत, आणि ग्रीनच्या आसपास जमिनीचे उंचसखल पाहिले की हात ओळखू येतो.

बंद करा म्हणणाऱ्यांचं जुनं कारण म्हणजे तिथला बेडूक आणि साप. लाल पायांचा बेडूक आणि सॅन फ्रान्सिस्को गार्टर साप, दोन्ही कायद्याने संरक्षित. २०११ मध्ये पर्यावरणवादी संघटना कोर्टात गेल्या होत्या. त्या प्राण्यांची काळजी खरी आहे, ती घेणं शहराचं काम आहे, आणि त्यासाठी खाजणाच्या कडेचा गवत कापण्याचा आणि पंप चालवण्याचा शिस्तीचा कार्यक्रम लागतो. मजकुरात बेडकाचं नावही नाही. तिथे फक्त "जमीन दुसऱ्या कामाला लावा". कुठल्या कामाला, ते लिहिणाऱ्यालाच माहीत.

एखाद्या शनिवारी सकाळी सात वाजता तिथे उभं राहावं. समोर धुकं, बांधापलीकडून लाटांचा आवाज, पहिल्या टीशी, म्हणजे फेरी सुरू होते तिथे, ट्रॉल्या ओढत आलेली साठी-सत्तरीची माणसं. कुणी चिनी बोलतंय, कुणी तागालोग, कुणी स्पॅनिश. एका आजोबांच्या बॅगेत पाचच स्टिक असतात. मी एकटी गेले की ते मला हाक मारून आपल्या चौकडीत घेतात, आणि वारा कुठून आहे ते न विचारता सांगतात. यातल्या एकालाही सायप्रेस पॉइंटचं फाटक उघडणार नाही. मॅकेन्झींचा कोर्स त्यांच्या वाट्याला येतो तो शहराने तो चालू ठेवलाय म्हणून. उद्या असे मजकूर वाचून नगरसेवकांनी माना डोलावल्या तर काय हरवलं हे यांनाच कळेल, लिहिणाऱ्याला नाही.

सॅक्रामेंटोचा हॅगिन ओक्सही १९३२ चा, तोही शहराचा. तिथलं बरंच सपाट झालंय, हे सांगूनच तुम्हाला नेणार होते. रशियन नदीकाठी मॉन्टे रिओचा नॉर्थवुड फक्त नऊ होलचा, १९२८ चा, दोन्ही बाजूंना आभाळाला भिडलेली रेडवुडची झाडं. तिथे भर दुपारीही फेअरवेवर सावली असते आणि चेंडू झाडावर आपटला की आवाज वरपर्यंत घुमत जातो. पासातिएम्पो महाग आहे, तिथे एकदाच जाऊ. तो खर्च माझा.

गुरुवारची शार्प पार्कची वेळ मी रद्द केलेली नाही. सात चाळीसची आहे. स्वेटर आणि जुने बूट आणा, नवे भिजतील.