कासवाचा नर थंडीत वांझ नसतो

सध्या एक मजकूर फिरतोय: 'कासवाचा नर थंडीभर वांझ असतो. वसंतात ऊन लागलं की त्याचे वृषण जागे होतात, आठवड्याभरात शुक्राणू तयार होतात आणि लगेच मिलन होतं. सगळ्या कासवांचं असंच.' वाचायला छान. पण यात अर्धंच वाक्य खरं आहे.

'थंडीभर वांझ' हे तर साफ उलटं. अमेरिकेतल्या मस्क टर्टलच्या वृषणात ऋतूप्रमाणे काय बदलतं, हे पॉल रिस्ली यांनी १९३८ सालीच लिहून ठेवलंय. आपल्याकडे मत्स्यालयांच्या दुकानांतून घरोघरी गेलेलं लाल कानाचं स्लायडरही मूळचं तिकडचंच. त्याच्या वृषणाचे महिन्या-महिन्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले की गोष्ट उलगडते. वसंत सरताना वृषणातल्या बारीक नलिकांच्या भिंतीला चिकटलेल्या, शुक्राणूंच्या जनक पेशी विभागू लागतात. भर उन्हाळ्यात अर्धसूत्री विभाजन, म्हणजे गुणसूत्रं निम्मी करणारं विभाजन, जोरात असतं. उन्हाळा उतरला की शेपटीवाले शुक्राणू दिसतात आणि शरदात ते सुटून अधिवृषणात, म्हणजे वृषणाला लागून असलेल्या साठवणीच्या नळीत, जातात. माणसाच्या वृषणात कुठल्याही दिवशी सगळ्या अवस्था सापडतात. इथे मात्र शेतातलं पीक निसवावं तसं सगळं जवळपास एकदमच पुढे सरकतं. म्हणजे 'आठवड्याभरात'ही गेलं. काम काही महिन्यांचं आहे.

थंडीत हा साठा अधिवृषणात जिवंत राहतो. पेंटेड टर्टल हे तिकडचंच आणखी एक कासव गोठलेल्या तळ्याच्या तळाशी महिनोन्‌महिने श्वास न घेता पडून असतं, तरीही. मग वसंतात नर मादीच्या समोर येतो, उलटा पोहत आपली लांब नखं तिच्या गालांवर थरथरवतो. नेमके त्या वेळी त्याचे वृषण आक्रसलेले असतात आणि अधिवृषण गच्च भरलेलं. उन्हाळ्यात घातलेल्या कुरडया पावसाळ्यात तळाव्यात, तसला प्रकार.

उन्हाबद्दलचं अर्धं वाक्य तेवढं खरं. ऊब मिळाल्यावर पेशींचं विभाजन सुरू होतं, पण ती तयारी पुढच्या हंगामाची. शुक्राणू घडायला उन्हाळा लागतो आणि अंडी उबायलाही उन्हाळाच लागतो. दोन्ही एकाच उन्हाळ्यात बसवायचं तर पिल्लं निघेपर्यंत थंडी येऊन ठेपेल. म्हणून शुक्राणू आदल्या वर्षीचे वापरायचे.

'सगळ्या कासवांचं असंच' हे तर समुद्री कासवांपाशीच कोसळतं. त्यांच्या नरात शुक्राणूंची घडण मिलनाच्या आधीच्या महिन्यांत चालते. तिथे वृषणांचा भर आणि मिलन बरेच जवळ येतात. वेळासच्या किंवा मोरजीच्या किनाऱ्यावर आपण ऑलिव्ह रिडलेची मादीच पाहतो. नर अंड्यांसाठी किनाऱ्यावर येतच नाही, त्यामुळे त्याच्याविषयी काहीही ठोकून द्यायला आपण मोकळे!

या मजकुराच्या भरवशावर कुणी म्हणेल, 'वसंतात नर वेगळ्या टाकीत ठेवला की झालं, अंडी फळणार नाहीत.' तसं नाही. मादीही बीजवाहिनीत शुक्राणू साठवते. अमेरिकेतल्या बॉक्स टर्टलच्या मादीने नरापासून दूर ठेवल्यावर चार वर्षांनीही फलित अंडी घातल्याची नोंद आहे. टाकी बदलायचीच असेल तर मादी वयात येण्याआधी बदला.